बैलांच्या चालीनं पश्चिमेकडे : वॅगन-प्रवासाची रचना बँडवर कशी बसवावी

पांढऱ्या कापडी छताच्या वॅगनींचा तांडा, धुळीची वाट, नदी, डोंगर आणि शेवटी हिरवं खोरं. अमेरिकेतल्या शाळांच्या आणि गावोगावच्या कॉन्सर्ट बँडसाठी (फुंकवाद्यं आणि तालवाद्यं यांच्या बँडसाठी) एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या कुटुंबांच्या या प्रवासावर भरपूर रचना लिहिल्या गेल्या आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं सहावी-सातवीत क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट हाती घेतात आणि वर्ष-दोन वर्षांत अशी एखादी रचना त्यांच्याही स्टँडवर येऊ शकते. ती पहिल्यांदा बसवणाऱ्या नव्या कंडक्टरसाठी आणि आपला पार्ट, म्हणजे आपल्या वाद्यापुरतं छापील स्वरलेखन, समजून वाजवू पाहणाऱ्या वादकासाठी हे मार्गदर्शन आहे.

पुढचे बहुतेक निर्णय एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून ती आधी पक्की करा. हे संगीत घोड्याचं नाही, बैलाचं आहे. ओरेगॉनच्या वाटेवरच्या बहुतेक वॅगनी बैलांनी ओढल्या. काहींना खेचरं होती. वॅगनला स्प्रिंग नसायच्या आणि आत टनभर सामान असायचं. त्यामुळे धडधाकट माणसं, बायका आणि मुलंही बहुतेक वाट पायीच चालली. बँड ही रचना बिघडवतात ते इथेच. "पश्चिम" म्हटलं की डोक्यात सिनेमातला दौडणारा घोडा येतो, लय पळायला लागते आणि चार महिन्यांची पायपीट चार मिनिटांची शर्यत होते. बैलाची चाल मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. गाडी चढाला लागली की मान खाली घालून, खांद्यावर जू पेलत तो कसा पाऊल टाकतो ते डोळ्यांपुढे आणा आणि मग बॅटन उचला.

रचना निवडताना

नव्या बँडनं अवघडपणाच्या श्रेणी २ किंवा ३ ची, पाच ते आठ मिनिटांची रचना घ्यावी. स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन) हातात आला की चार गोष्टी बघा. हॉर्नचे किती वेगळे पार्ट आहेत? चार असतील आणि तुमच्याकडे वादक दोनच असतील, तर उरलेले दोन स्वर आल्टो सॅक्सोफोनकडे जातात का? पहिल्या ट्रम्पेटचा सर्वांत वरचा लिखित स्वर कोणता? स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या वरच्या जी पर्यंतच असेल तर शेवटच्या पानापर्यंत ओठ टिकतील. एकाच वेळी तालवाद्यं वाजवायला किती माणसं लागतात? वॅगन-प्रवासाच्या रचनेत पाच-सहा जण सहज लागतात. आणि ओबो किंवा बासून नसेल तर त्यांचे एकल तुकडे दुसऱ्या पार्टमध्ये बारीक अक्षरात छापलेले आहेत का? पार्टच्या परस्पर झेरॉक्स काढू नका, पूर्ण संच विकत घ्या.

स्कोअरवर नकाशा

मिझुरीतलं इंडिपेंडन्स हे गाव निघण्याचं एक मोठं ठिकाण होतं आणि मुक्काम होता ओरेगॉनमधलं विलामेट खोरं. अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर, वेळ चार ते सहा महिने. १८४३ मध्ये सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा जथा गेला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत काही लाख माणसं या आणि जवळच्या वाटांनी पश्चिमेला गेली. १८६९ मध्ये यूटातल्या प्रोमॉन्टरी इथे रेल्वेचे रूळ जोडले गेले आणि या वाटा ओस पडू लागल्या.

रचनेत बहुधा पाच टप्पे असतात: निघतानाची तुतारी, चाकांचा ठेका, संकट, रात्रीचा तळ आणि पोचणं. प्रत्येक टप्प्यावर पेन्सिलीनं जागेचं नाव लिहा. ठेक्याच्या भागावर "प्लॅट नदीकाठ" लिहा. तिथे आठवडेच्या आठवडे जमीन सपाट, नदी उथळ, आणि नेब्रास्कातला चिमनी रॉक पोचण्याच्या कितीतरी आधीपासून दिसत राहतो. म्हणून या भागात काही "घडवायला" जाऊ नका. एकसारखेपणा हाच त्याचा आशय आहे.

वायोमिंगमधल्या साउथ पासचं मात्र नीट समजून घ्या. ही खिंड सुमारे २,२६० मीटर उंचीवर आहे, पण इतकी रुंद आणि सौम्य चढाची की अनेकांना आपण खंडाचा जलविभाजक ओलांडला हे कळलंसुद्धा नाही. तुमच्या स्कोअरमध्ये साउथ पासचा उल्लेख असेल आणि तिथे शांत, पसरलेलं संगीत असेल तर संगीतकारानं अभ्यास केला आहे. उगाच शिखर गाठल्यासारखा गडगडाट करू नका. खरी दमछाक पुढे होती: स्नेक नदीचा कोरडा प्रदेश, ब्लू माउंटन्स, आणि शेवटी कोलंबिया नदीतून तराफ्यावर किंवा १८४६ पासून माउंट हूडच्या बाजूनं जाणाऱ्या बार्लो रोडनं.

लय ठरवणं

बैलांचा वेग ताशी दोन मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर धरा. मिनिटाला झाले ५३ मीटर. शेजारून चालणाऱ्या माणसाचं पाऊल ६५ सेंटिमीटरचं धरलं तर मिनिटाला ८२ पावलं पडतात. म्हणजे मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) ८० ते ८२. छापील खूण ७६ ते ८४ च्या दरम्यान असेल तर ती जशीच्या तशी पाळा. १०० च्या पुढे असेल तर नीट वाचा: तो कदाचित वाटाड्यांचा किंवा शिकाऱ्यांचा भाग असेल. ते घोड्यावर असत आणि तिथे दौड योग्यच आहे.

पहिल्या तालमीत वाद्यं खाली ठेवा. सगळ्यांना उभं करून ८० वर जागच्या जागी पावलं टाकायला लावा आणि ठेक्याची ओळ तोंडानं म्हणायला सांगा. पाच मिनिटं पुरतात. पाय जड पडले की तोंडातली ओळ आपोआप जड होते.

लय पळते त्याचं कारण बहुतेक वेळा वेगानं वाजवणारे नसतात, लांब स्वर धरणारे असतात. चार मात्रांचा स्वर धरलेला हॉर्नवादक मनात मोजत नाही आणि पुढचा स्वर पाव मात्रा आधी घेतो. बाकीचे त्याच्यामागे जातात. उपाय असा की लांब स्वर असलेल्यांनी एकदा तोच स्वर आठ तुकड्यांत, तू-तू-तू-तू असा वाजवावा आणि मग अखंड धरावा. मेट्रोनोम प्रत्येक मात्रेवर न ठेवता फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा; पळणारा लगेच उघडा पडतो. तपासणीसाठी घड्याळ लावा. ८० च्या लयीत चार मात्रांचे २० बार बरोबर ६० सेकंदांत व्हायला हवेत. ५७ सेकंदांत संपले तर तुम्ही ८४ वर पोचलात.

खालच्या वाद्यांचा ठेका

ट्यूबा, युफोनियम, बासून, बास क्लॅरिनेट आणि बॅरिटोन सॅक्सोफोन यांच्या ठेक्यावर वॅगन चालते. स्वर तोडू नका आणि चिकटवूही नका. प्रत्येक स्वराला सुरुवातीला वजन, मग किंचित उतार, मग दोन पावलांमधली असते तेवढीच फट. मोठ्या बी फ्लॅट ट्यूबाची नळी साडेपाच मीटरच्या आसपास असते आणि खालचा स्वर बोलायला उशीर लावतो. ट्यूबावादकानं आधीच्या मात्रेवरच श्वास भरून घ्यावा आणि मात्रेवर जीभ फक्त सोडावी. मात्रेवर श्वास घेतला की स्वर मागे पडतो, मग ढोल आणि ट्यूबा एकमेकांपासून सुटतात आणि चाक लंगडल्यासारखं वाटतं.

तालवाद्यं : इथे वेळ घालवा

या रचनेचा जीव तालवाद्यांत आहे. तालवाद्यांची अर्ध्या तासाची वेगळी तालीम किमान दोनदा घ्या.

टापांसाठी टेम्पल ब्लॉक (पाच पोकळ लाकडी ठोकळ्यांचा संच) किंवा वुडब्लॉक लिहिलेले असतात. कडक काठीनं वाजवले तर फरसबंदीवरचा घोडा ऐकू येतो. गवताळ मातीवर बैलाचा खूर बोथट वाजतो. म्हणून पाचांपैकी सर्वांत खालचे दोनच ब्लॉक घ्या, मऊ रबरी डोक्याची काठी घ्या आणि लिहिलेल्या जोरापेक्षा एक पायरी हळू वाजवा. सोबत फ्लोअर टॉम (पायांवर उभा राहणारा ढोल) असेल तर त्याच्या कातड्यावर एक घडी घातलेला रुमाल ठेवा.

चाकांच्या सरसर आवाजासाठी सँडपेपर ब्लॉक. हातात मावतील असे दोन लाकडी ठोकळे, साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचे, घेऊन त्यांवर ६० नंबरचा पॉलिश पेपर ताणून बसवा. कडेला स्टेपल मारा, घासणाऱ्या बाजूला नको. कागद झिजला की आवाज नुसता फुसफुसतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी नवा लावा. हा आवाज रुंद आहे, त्याला टोक नाही. मात्रेवर सुरुवात केली तर तो उशिरा ऐकू येतो. हात मात्रेच्या थोडा आधी निघाला पाहिजे.

आता चाकाची कुरकुर. आसाला डांबर आणि चरबीचं मिश्रण लावत. त्याची बादली वॅगनच्या मागे लटकलेली असे. तरी मैदानाच्या कोरड्या हवेत लाकूड आकसे, लोखंडी धावा सैल होत आणि चाकं कुरकुरत. अनेक स्कोअरमध्ये यासाठी रॅचेट (करकरणारं दातेरी चाक) किंवा ग्वीरो (खाचांवर काठी ओढून वाजवायचं वाद्य) असतो आणि कधी वाजवायचा ते वादकावर सोडलेलं असतं. तेव्हा मनाला येईल तिथे वाजवू नका. मागच्या चाकाचा व्यास साधारण सव्वा मीटर, म्हणजे घेर चार मीटरच्या आसपास. मिनिटाला ५३ मीटर गेलं तर चाकाचे सुमारे १३ फेरे होतात. ८० च्या लयीत एक फेरा जवळपास सहा मात्रांचा झाला. म्हणून कुरकुर दर सहा मात्रांनी एकदा, हळू, एकच ओढ. चार मात्रांच्या बारवर ती सरकत जाते आणि दर तिसऱ्या बारनंतर पुन्हा समेवर येते. ऐकणाऱ्याला हा हिशोब कळत नाही, पण चाक फिरतंय हे कळतं. इतकी साधी गोष्ट पूर्ण भागाला जिवंत करते.

साखळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातली हातभर लांबीची लोखंडी साखळी पुरेशी आहे. ती जमिनीवर आपटू नका. लाकडी फळीवर उंचावरून हळूहळू सोडा. चाबकासाठी बिजागरीनं जोडलेल्या दोन पट्ट्या असतात. पट्ट्या उघडून मिटायला वेळ लागतो, त्यामुळे नवा वादक हमखास उशिरा पडतो. त्यानं आधीच्या अर्ध्या मात्रेवर हालचाल सुरू करावी. स्कोअरमध्ये चाबूक तीनदा असेल तर तीनदाच वाजवा. गाडीवान बैलांच्या शेजारून चालत, त्यांना हाकारत नेत असे.

सूर लावणं : सा आणि प

हे संगीत "मोकळं" वाटतं कारण त्यात बऱ्याच ठिकाणी गंधार नसतो. नुसता षड्ज आणि पंचम, मध्ये भरपूर अंतर. माळरानाचा हा आवाज अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांनी १९३८ च्या "बिली द किड" आणि १९४२ च्या "रोडिओ" या बॅले-संगीतातून रूढ केला. वॅगनीतल्या माणसांनी तो ऐकलेला नव्हता. त्यांच्याकडे फिडल, माउथ ऑर्गन आणि चर्चची भजनं होती. त्यांच्या लोकधुनांत पाच स्वरांच्या पुष्कळ आहेत, आणि बऱ्याचदा ते स्वर भूपाचेच असतात: सा रे ग प ध. चलन अर्थातच वेगळं. पण मराठी कानाला ते अंतर ओळखीचं आहे, त्याचा फायदा घ्या.

मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि संदर्भ-स्वर ए ४४० ठेवा. बँडचा बी फ्लॅट म्हणजे काळी पाच, ई फ्लॅट म्हणजे काळी दोन आणि एफ म्हणजे पांढरी चार. आधी ट्यूबा आणि बास क्लॅरिनेटनं सा धरावा, मग युफोनियम आणि ट्रॉम्बोननं वरचा सा, आणि शेवटी हॉर्ननं प. पंचमात हेलकावे ऐकू येईनासे होईपर्यंत थांबा. शुद्ध पंचम पियानोच्या पंचमापेक्षा फक्त २ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर असतो, तेव्हा फार हलायचं नसतं. हेलकावे येत असतील तर कोणीतरी ऐकत नाही.

नेहमीची अडचण ट्रम्पेटची. एफ च्या भागात पंचम म्हणून त्याला लिखित खालचा डी येतो. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबल्यानं तो चढा लागतो. तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बोटानं बाहेर सरकवल्याशिवाय तो बसत नाही. ओठ सैल सोडून उतरवला तर आवाज मरतो.

शेवटच्या पानावर गंधार येतो तेव्हा तो कोणाकडे आहे ते शोधा. बहुधा दुसरं क्लॅरिनेट किंवा आतला हॉर्न. शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो, आणि तानपुरा कान देऊन ऐकला तर तो त्यात स्वतःच बोलतो. त्या वादकांना तो ऐकवा आणि तिथे बसायला सांगा, बाकीच्यांपेक्षा हळू. त्याच गंधारावर बेल्सही (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) लिहिलेल्या असतील तर मात्र उतरवू नका, कारण त्या पट्ट्या हलणार नाहीत.

नदी आणि वादळ

नदी ओलांडताना माणसं बुडत, आणि १८४९ ते १८५२ या वर्षांत कॉलऱ्यानं वाटेवर फार माणसं मेली. हा भाग खोटा भीतिपट होऊ देऊ नका. लाटांचे चढउतार सगळ्यांनी एकदम केले तर तो पंप वाटतो. दुसऱ्या क्लॅरिनेटचा कळस पहिल्यापेक्षा एक बार उशिरा आणा. चढता जोर लिहिला आहे म्हणजे सुरुवात हळू आहे, हे नवे वादक विसरतात. जोराला १ ते ८ आकडे द्या, आठ बारच्या चढाला प्रत्येक बारवर एक. टांगलेली झांज लोकरीच्या काठ्यांनी, कडेला समोरासमोरच्या दोन बिंदूंवर वाजवा, आणि खरा जोर शेवटच्या एक-तृतीयांशातच येऊ द्या. वाऱ्यासाठी पितळी वाद्यांत स्वर न काढता नुसती हवा फुंकायची असेल तर जीभ "हू" च्या जागी ठेवा आणि दोघादोघांनी आळीपाळीनं फुंका, नाहीतर चक्कर येते.

काही जुन्या धर्तीच्या रचनांत इथेच टॉम-टॉमचे चार सारखे ठोके आणि त्यावर कर्कश पंचम येतात: "इंडियन हल्ला", म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. हा सिनेमाचा साचा आहे, कुठल्याही जमातीचं संगीत नाही. वाटेवर मृत्यू आले ते मुख्यतः आजारांनी आणि अपघातांनी. मूळ रहिवाशांशी बऱ्याचदा देवघेव झाली, त्यांनी वाटा दाखवल्या, नद्या पार करून दिल्या. ती जमीन रिकामी नव्हती आणि या तांड्यांनी तिथल्या लोकांचं फार मोठं नुकसान केलं. शक्य असेल तर असा तुकडा नसलेली रचना घ्या. घेतलीच तर कार्यक्रम-पत्रिकेत पॉनी, लाकोटा, शायेन, शोशोनी, केयूस या तिथल्या जमातींची नावं घाला आणि ही जमीन कोणाची होती ते दोन वाक्यांत स्पष्ट लिहा.

तळावरची रात्र

वॅगनींचा गोल मुख्यतः जनावरं आत राखायला करत. मग शेकोटी आणि फिडल. नाचाचा भाग ६/८ च्या तालात (एका बारमध्ये तीन-तीन छोट्या मात्रांचे दोन ठोके) असेल तर ठोक्याला १०८ ते ११६ पुरे. त्यापुढे क्लॅरिनेटची बोटं अडकतात, कारण फिडलच्या धुना नेमक्या त्या जागी घुटमळतात जिथे क्लॅरिनेट लिखित ए वरून बी वर उडी मारतं. ए वाजवतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवून द्या. अर्धी अडचण तिथेच संपते. फिडलचा गज लांब-छोटा-छोटा असा फिरतो, म्हणून जिभेनं "ता-तित" म्हणा. सगळे स्वर सारखे टोचू नका. खाली आल्टो सॅक्सोफोन आणि बासून सा-प धरून असतील तर ती फिडलची मोकळी तार आहे. ती सतत ऐकू आली पाहिजे, पण धुनेच्या वर नाही.

त्यानंतर येणारं भजन ६० ते ६६ मध्ये. चार बारचा एक श्वास म्हणजे १६ सेकंद, आणि ते एकट्याच्या छातीला झेपत नाही. शेजारच्या दोघांनी पेन्सिलीनं आपापल्या श्वासाच्या जागा वेगळ्या लिहाव्यात, बारच्या रेघेवर कुणीच नाही. श्वास घेताना स्वर आधी हळू करा, मग सोडा, आणि हळूच परत या.

तालमींचा हिशोब

दीड-दीड तासाच्या आठ तालमी धरा. पहिल्या दोन चाल आणि सा-प यांवर. तिसरीत वेगवेगळे टप्पे, आणि हॉलच्या मध्यावर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण. चौथी-पाचवी नदी आणि नाच. सहावीत पुन्हा ध्वनिमुद्रण. सातवीत फक्त टप्प्यांमधले सांधे, कारण लय बदलते तिथेच बँड तुटतो: कंडक्टरनं नव्या लयीची एक मात्रा मनात मोजूनच हात टाकावा. आठवी तालीम कार्यक्रमाच्या हॉलमध्ये. आवाज घुमत असेल तर सँडपेपर आणि साखळी पुढे आणा आणि ढोलावर आणखी एक रुमाल घाला.

शेवटचं पान खोऱ्यात पोचल्याचं असतं आणि तिथे ट्रम्पेट ओरडायला लागतात. त्यांना सांगा की सहा महिने चालून आलेली माणसं आधी थांबतात. जोर ट्यूबाकडून वर चढू द्या. अखेरच्या स्वराचा शेवट जिभेनं कापू नका, श्वास थांबवून सोडा. आणि सँडपेपर हातात असलेल्या मुलाला आधीच बजावून ठेवा: कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत ठोकळे एकमेकांना लागता कामा नयेत.